एका हाताची गाठ

बळीरामचा पाय मांडीवर घेऊन भामाने नाडी इतकी खेचली की बुटाचं चामडं करकरलं.

"जास्त आवळलंस."

"आवळूं द्या. काल सुटली होती ना?"

त्याने तिला तसं काही सांगितलं नव्हतं. तो गल्लीकडे बघत राहिला. पनवेलच्या कोळीवाड्यात या वेळी नळाला पाणी येतं. हंडे-बादल्या घेतलेल्या बायकांची ये-जा चालू होती आणि जाणारी प्रत्येक बाई भामाशी दोन शब्द बोलत होती, त्याच्याकडे बघणं मात्र टाळत होती. पंचेचाळिशीचा, खांद्याने दांडगा माणूस पायरीवर बसलाय आणि बायको त्याच्या बुटांच्या नाड्या बांधतेय, हे दृश्य वर्षभरात सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. त्याच्या झालं नव्हतं.

"तुमच्या कामावरच्या हितेशची बायको भेटली बाजारात. ती सांगत होती," भामा म्हणाली आणि तिने दुसरा पाय ओढून घेतला.

बोटीवर असताना, जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या दोरात बळीरामचा उजवा हात सापडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. अंगठा राहिला, पण वाकेनासा झाला. हात बरा होईपर्यंत बोटीवर दुसरा माणूस लागला होता. पुढे पळस्पे फाट्याजवळच्या एका कंटेनर यार्डात त्याला काम मिळालं: आलेल्या कंटेनरचं सील तपासायचं, शिडीवर चढून छत बघायचं, कुठे पत्रा फाटला असेल तर खडूने खूण करायची. डाव्या हाताने तो जेवायला शिकला, दाढी करायला शिकला, सही करायलाही शिकला. अडलं ते फक्त नाडीपाशी. नाडीला दोन हात लागतात. दात लावून पाहावेत तर दात पायापर्यंत पोचत नाहीत. हॉस्पिटलात एका हाताने बांधायची एक रीत त्याला दाखवली होती. ती घरातल्या घरात टिकायची, शिडीवर नाही. आणि यार्डात तर घोट्यापर्यंतचा, पुढे पोलाद बसवलेला नाडीचा बूट सक्तीचा.

भामाने दुहेरी गाठ मारली, टोकं बुटात खोचली आणि त्याच्या पायावर हलकी थाप दिली. जायला हरकत नाही, असा त्या थापेचा अर्थ होता.

त्या दिवशी दुपारी गाठ पुन्हा सुटली. रात्रीच्या पावसाने कंटेनरच्या रांगांमधे चिखल झाला होता. ओली नाडी सैल होत गेली आणि त्याच्याच दुसऱ्या बुटाखाली आली. तो गुडघ्यावर पडला. मागून एक ट्रेलर उलटा येत होता. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि खाली उतरून शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण बळीरामचा हात बघून मिटलं.

फोर्कलिफ्टवरून हितेश धावत आला. बळीरामच्याच वयाचा, भरल्या पोटाचा, दिवसभर बडबडणारा माणूस. तो चिखलात बसला, एक शब्द न बोलता त्याने नाडी बांधली आणि बांधताना मान वर केली नाही. बळीराम समोरच्या कंटेनरवरचे आकडे वाचत राहिला. हितेशने काहीतरी थट्टा केली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सुरक्षेचं काम बघणारी कादंबरी तोवर पोचली होती. कामोठ्याहून स्कूटरवर येणारी ही मुलगी वयाने लहान, पण यार्डातले जुने ड्रायव्हरही तिला बघितलं की हेल्मेट सारखं करत.

"लागलं का?"

"नाही मॅडम."

"बळीरामभाऊ, हे या महिन्यात तिसऱ्यांदा झालं. मला रिपोर्ट करावाच लागेल."

"करा."

ती लगेच गेली नाही. "तुम्हाला चेनचे बूट दिले होते ना?"

"चेन वर ओढायला एक हात आणि बूट धरायला दुसरा लागतो, मॅडम. आणि ह्या धुळीत ती चेन चार दिवसांत अडकली."

"बिननाडीचे शिडीवर चालत नाहीत. टाच निघते." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पुढच्या महिन्यात हेड ऑफिसचं ऑडिट आहे. तोपर्यंत काहीतरी सोय बघा. नाहीतर मला तुम्हाला यार्डातून काढून केबिनमधे बसवावं लागेल. आणि तिथे सगळं काम कॉम्प्युटरवर."

म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करणारा माणूस केबिनमधे किती दिवस ठेवतील?

"मीच काहीतरी बनवलं तर?" तो म्हणाला.

"बनवा. पण बुटाला भोक पाडायचं नाही. भोक पाडलं की तो सेफ्टी शू राहत नाही. जे काही कराल ते असलेल्या भोकांत बसलं पाहिजे."

घरी त्याने आधी नाडी काढून इलॅस्टिक ओवलं, शिंप्याकडचं, रुंद. बूट चपलेसारखा पायात सरकला आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर तसाच सरकून निघाला. मग बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्याकडून नाडीच्या भोकांतून जाणारे वेल्क्रोचे चिकटपट्टे करून घेतले. ते दोन दिवस झकास चालले. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या केसांमधे चिखल भरला आणि चिकटायचं ते विसरले. संध्याकाळी तो ओटीवर बसून जुन्या टूथब्रशने पट्टे घासत होता, तेव्हा भामा आतून आली आणि बराच वेळ दारात उभी राहिली.

"कशाला उगाच जिवाला त्रास," ती म्हणाली. "मी हाय ना."

त्याने ब्रश खाली ठेवला. तिच्या आवाजात काहीतरी दुखावल्यासारखं होतं. आपण रोज सकाळी जिच्यापुढे पाय करतो तिला आता हे नको म्हणतोय, असं तर तिला वाटलं नाही ना? अपघातानंतरच्या दिवसांत तिने त्याला भरवलं होतं, अंघोळ घातली होती. एकेक काम त्याने तिच्याकडून काढून घेतलं होतं. उरली होती ती ही नाडी. तेवढ्या वेळात ती त्याच्या शेजारी बसायची, गल्लीतलं काहीबाही सांगायची. बाकी दिवसभर तो यार्डात आणि ती मासळी बाजारात. संध्याकाळी दोघंही बोलायच्या पलीकडे दमलेली.

त्यानंतर त्याने घरी काही केलं नाही. जे केलं ते यार्डात, जेवणाच्या सुट्टीत.

गाठ मारायचीच कशाला, इथून त्याने सुरुवात केली. बोटीवर शिडाचा दोर प्रत्येक वेळी गाठ मारून कोण ठेवतं? तो लाकडाच्या खाचेत दाबला की ओढ बसेल तसा आणखी घट्ट रुततो, आणि वर उचलला की क्षणात सुटतो. ते काम एका हाताचं असतं, कारण दुसऱ्या हाताने माणूस बोटीला धरून असतो. ही गोष्ट त्याने हजारदा केली होती. बुटाकडे बघताना मात्र ती सुचायला इतके दिवस गेले, कारण बूट म्हटलं की त्याला भामाची दोन हातांची गाठच डोळ्यांपुढे यायची.

मासळीचा फुटका निळा क्रेट त्याने घरून आणला. त्याचं प्लॅस्टिक जाड आणि चिवट. यार्डाच्या वर्कशॉपमधे हितेशने तुकडा पक्कडीत धरला आणि बळीरामने डाव्या हाताने करवत चालवली. बोटभर लांबीची पट्टी. खालच्या बाजूला दोन भोकं, त्यांत जाळ्याच्या बारीक दोरीने बांधलेल्या दोन आडव्या काड्या; त्या बुटाच्या वरच्या दोन भोकांतून आत ढकलल्या की पट्टी बाहेरच्या अंगाने पक्की बसायची, एका हातानेही. वरच्या टोकाला चिंचोळी होत जाणारी खाच. नाडीच्या जागी एकच दोर, टोकाला आधीच मारलेल्या गाठीने खालच्या भोकात अडकवलेला, वर येऊन खाचेत दाबायचा.

पहिल्यांदा दोर खाचेत राहिलाच नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून सुळकन निघून आला. त्याने खाचेच्या आत करवतीने दाते पाडले. दाते दोर कुरतडायला लागले. पीळ घातलेला दोर टाकून त्याने गुंफलेला घेतला. तो कोरडा असताना टिकला आणि भिजल्यावर घसरला.

"अरे, सोड आता," हितेश म्हणाला. "मी बांधत जाईन ना रोज. माझं काय जातं?"

पट्टी उजेडात धरून बळीराम दात्यांकडे बघत राहिला. दाते सरळ उभे होते. दोर ज्या दिशेने निसटतो तिच्या विरुद्ध ते झुकलेले हवेत, म्हणजे निसटू पाहणारा दोर आणखी आत ओढला जाईल. त्याने नवा तुकडा कापला. हितेशने पक्कड धरली, यावेळी न सांगता.

तो दोर भिजवून, चिखलात बुडवून, हितेशला सगळं वजन टाकून ओढायला लावलं तरी हलला नाही. आणि बळीरामने दोन बोटांनी वर उचलला तेव्हा अगदी अलगद सुटला.

आता लोंबणारं टोक. ते पायात आलं तर सगळं फुकट. टोकाला त्याने एक छोटी कडी बांधली आणि पट्टीच्या खाली तिच्यासाठी आकडा ठेवला. ओढ, दाब, अडकव. दोन्ही बूट घालून तो उभा राहिला तेव्हा हितेश त्याच्या पायांकडे बघत म्हणाला, "मला पण एक जोडी कर. तुला हात नडतो, मला पोट नडतं."

दोघंही हसले. तो चिखलात पडला त्या दुपारनंतर हितेश पहिल्यांदाच त्याच्याशी असा सरळ बोलला होता.

कादंबरीने मात्र काही सोडलं नाही. तिने त्याला शिडीवर तीनदा चढवलं-उतरवलं, पाण्याच्या डबक्यातून चालवलं, गुडघ्यावर बसवलं. मग स्वतः खाली वाकून दोन्ही हातांनी टाच धरली आणि जोर लावून बूट ओढला. निघाला नाही.

"आता पटकन काढून दाखवा. आत काही गरम सांडलं, तर बूट झटक्यात निघायला हवा."

त्याने कडी सोडली, दोर उचलला, पाय झटकला. बूट बाजूला पडला.

कादंबरीने बूट उलटासुलटा करून भोकं तपासली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि हेड ऑफिसला पाठवले. दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ती रांगांमधून चालत आली, तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"चालेल म्हणालेत," ती म्हणाली. "बुटाला धक्का लावलेला नाही, त्यामुळे त्यांची हरकत नाही. फक्त पट्टी दर महिन्याला तपासायची." आणि मग, जाता जाता, "भाऊ, मला रिपोर्ट करायचा नव्हता हो. बरं वाटलं."

बळीराम त्या दिवशी शिडीवर चढला आणि कंटेनरच्या छतावर कारण नसताना थोडा वेळ उभा राहिला. दूरवर गोव्याकडे जाणारा रस्ता पावसाने धुऊन चकचकत होता.

घरी मात्र तो काही बोलला नाही.

आज सांगू, उद्या सांगू, करता करता दिवस गेले. रोज सकाळी भामा नाडी बांधायची. रोज यार्डाच्या कपडे बदलायच्या खोलीत तो तिच्या दुहेरी गाठी एका हाताने सोडवत बसायचा, नाड्या काढायचा, डब्याच्या पिशवीतून पट्ट्या आणि दोर काढून बसवायचा. संध्याकाळी पुन्हा उलट. नाड्या ओवून, टोकं तशीच बुटात कोंबून तो घरी यायचा. गाठी सोडवायला जेवढा वेळ जायचा तेवढा बाकी कशालाच जात नसे.

"तू वेडा आहेस," हितेश म्हणाला. "सांगून टाक ना घरी. मी माझ्या बायकोलाही बोललो नाही अजून."

"सांगतो."

"तिला काय वाईट वाटणार आहे?"

बळीराम गाठ सोडवत राहिला. "तुला नाय समजायचं," तो म्हणाला.

मग एका सकाळी भामाने गाठ मारली आणि मनगट झटकलं. एकदा, दोनदा. चेहऱ्यावर काही न दाखवता ती दुसऱ्या बुटाकडे वळली. मासळी कापून कापून तिचं मनगट धरत असे, हे त्याला ठाऊक होतं. या क्षणापर्यंत त्याने त्याचा नाडीशी संबंध जोडला नव्हता.

"थांब," तो म्हणाला.

त्याने पाय मागे घेतला, बूट काढला आणि नाडी ओढून टाकली. पिशवीतून पट्टी आणि दोर काढून दुसऱ्या बुटाला बसवले, पाय आत घातला, दोर ओढला, खाचेत दाबला, कडी अडकवली. हे सगळं तिच्याकडे न बघता.

भामा म्हणाली, "परत दाखवा."

त्याने दोर सोडून पुन्हा बांधला. तिने टाच धरली आणि कादंबरीने ओढली होती तशीच ओढून पाहिली. मग बोट पट्टीवरून फिरवलं. निळं प्लॅस्टिक तिने ओळखलं असावं.

"कवा केलंत?"

"झाले काही दिवस."

"आनि मना रोज बांधायला लावलंत?"

"मना वाटलं, तुला…"

भामा पायरीवर टेकून बसली. तिने दोन्ही हात मांडीवर सैल सोडले आणि एक लांब श्वास टाकला.

"बरं झालं गो बाय," ती स्वतःलाच म्हणाली.

इतकं मोकळं 'बरं झालं' त्याने तिच्या तोंडून बऱ्याच काळात ऐकलं नव्हतं. त्याला किंचित लागलं. तो काही म्हणणार तेवढ्यात ती उठून आत गेली आणि आतून तिचा फोनवरचा आवाज आला.

"शांती, उद्यापासून मना पन धर टेम्पोत. हां. हां, रोज."

शांती त्यांच्याच गल्लीतली. ती आणि आणखी चार बायका पहाटे टेम्पो करून उरणजवळच्या करंज्याला जायच्या, बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन पनवेलला परतायच्या. भामाही जायची. वर्षभरापूर्वी तिने ते सोडलं होतं. तेव्हापासून ती पनवेलच्याच बाजारात दुसऱ्यांकडून घेतलेली, आधीच कुणी निवडून उरलेली मासळी विकायची. टेम्पोच्या धक्क्यांनी पाठ धरते, असं तिने तेव्हा सांगितलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "पाठ?"

"पाठीला काय धाड भरलीय." तिने दाराला टेकवलेली मासळीची पाटी सारखी केली. "टेम्पो पहाटंचा सुटतो. तुमाला बूट घालायचे सकाळी. मी दोनीकडं कशी असनार?"

"मंग सांगायचं ना मना."

"तुमी सांगितलंत?"

तो वाकून बुटाची कडी उगाच सोडू-अडकवू लागला.

"ते पट्टे घासत बसला होतात ना त्या दिवशी," ती म्हणाली, "तवा तुमचं तोंड बगवत नव्हतं. म्हनून बोलले, मी हाय. नायतर मना काय हौस हाय, लोकांसमोर नाड्या बांधायची?"

आणि ती हसली. तोही हसला, आधी कसनुसा आणि मग खराखुरा. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई थांबून दोघांकडे बघू लागली, तर भामाने तिला हाक मारून बळीरामच्या पायाकडे बोट दाखवलं. "बगा, बगा. एका हाताचं काम हाय." बाईने खरंच वाकून बघितलं. हंड्यातलं थोडं पाणी बुटावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी बळीराम उठला तेव्हा घरात कुणी नव्हतं. चहा झाकून ठेवलेला होता. त्याने तो गरम केला, पायरीवर बसून प्यायला, बूट चढवले आणि निघाला. यार्डाच्या खोलीत सोडवायला गाठी नव्हत्या. शिफ्टला वेळ होता आणि त्या वेळेचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून तो हितेशच्या जोडीसाठी दोर कापत बसला.

संध्याकाळी भामा दमून आली होती, पण तिचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येत होता. तिने ताजी सुरमई राखून आणली होती. जेवताना ती थांबतच नव्हती. बंदरावर नवं बर्फाचं मशीन आलंय, लिलाव बोलणारा म्हातारा अजून तसाच ओरडतो, शांतीने भाव पाडताना कशी गंमत केली. बळीराम ऐकत होता. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे गल्लीबाहेरचं काहीतरी सांगायला होतं.

"बाळू तांडेल भेटला," ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. ज्या बोटीवर अपघात झाला ती चालवणारा तांडेल बाळू, त्याच्या बरोबरीने समुद्रावर वाढलेला. हॉस्पिटलात तो रोज यायचा. घरी आल्यावर बळीरामने भेटायचं टाळलं होतं. करंज्याला तर तो त्यानंतर पाऊलही टाकायला गेला नव्हता. कुणी बोलावलं की यार्डात ड्यूटी आहे म्हणायचा.

"हाताचं विचारलं?"

"नाय. म्हनला, त्याला सांग, बसायला तरी ये."

भामाने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली आणि ती दुसरंच काहीतरी सांगू लागली. बळीरामचं लक्ष नव्हतं. तिचं बोलणं संपेपर्यंत तो थांबला.

"रविवारी टेम्पोत जागा असते काय?"

भामाने वर बघितलं.

"पुढं नाय," ती म्हणाली. "मागं टोपल्यांत बसावं लागंल. येताना अंगाला वास मारंल."

"मारूं दे," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने सुरमईचा काटा अलगद काढून त्याने ताटाच्या कडेला ठेवला.